एक लाख आकड्यांवर इन्सर्शन सॉर्ट शून्य मिलिसेकंदात आणि क्विक सॉर्ट क्रॅश: मोजमापात काय चुकतंय?

नवा_कम्पायलर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

सी++ मध्ये बबल, सिलेक्शन, इन्सर्शन, मर्ज आणि क्विक असे आकडे चढत्या क्रमाने लावणारे पाच सॉर्ट स्वतः लिहून त्यांच्या वेगाची तुलना करतोय. विंडोज, जीसीसी, ऑप्टिमायझेशनचा कुठलाही पर्याय दिलेला नाही. मुख्य फंक्शनमध्ये एक व्हेक्टर ‘रँड’ने भरतो आणि पाचही फंक्शन्स वर दिलेल्या क्रमानेच त्याच्यावर चालवतो. प्रत्येकाच्या आधी आणि नंतर ‘क्लॉक’ वाचून फरक छापतो. तुलना मोजायला प्रत्येक फंक्शनमध्ये एक साधा ‘इंट’ ठेवलाय. क्विक सॉर्ट लोमुटो पद्धतीचा आहे, पिव्हट (ज्याच्याशी ताडून बाकीच्यांचे दोन भाग पाडायचे तो) शेवटचा घटक.

१,००० आकड्यांवर पाचही वेळा ० किंवा १ येतात, म्हणजे काहीच कळत नाही.

१०,००० आकड्यांवर तुलनांची संख्या अशी: बबल ५ कोटींना किंचित कमी, सिलेक्शन ४,९९,९५,०००, इन्सर्शन ९,९९९, मर्ज ६९,००८, क्विक ४,९९,९५,०००. वेळेत इन्सर्शन सगळ्यात पुढे, क्विक सिलेक्शनच्या पंक्तीत.

१,००,००० आकड्यांवर सिलेक्शन ७०,४९,८२,७०४, इन्सर्शन ९९,९९९, आणि क्विक सॉर्ट सुरू होताच प्रोग्राम बंद पडतो.

दहा-बारा आकडे देऊन पाहिलं तर पाचही फंक्शन्सचं उत्तर बरोबर येतं. मग क्विक सॉर्ट इतका मागे का पडतो आणि मोजमाप नीट कसं करायचं?

लघुगणक

तुलना मोजल्यात हे फार चांगलं केलंत. नुसत्या वेळा दिल्या असत्या तर अंदाजच बांधावे लागले असते. या आकड्यांवरून तुमचा कोड न बघताही काय घडतंय ते सांगता येतं.

इन्सर्शन सॉर्टला १०,००० यादृच्छिक आकड्यांवर सरासरी एन (घटकांची संख्या) वर्ग भागिले ४, म्हणजे सुमारे २.५ कोटी तुलना लागतात. तुमच्याकडे ९,९९९ आल्या. बरोबर एन वजा १ तुलना फक्त एकाच परिस्थितीत येतात: अ‍ॅरे आधीच चढत्या क्रमात असेल तेव्हा. बबल सॉर्टने तो लावून ठेवला आणि पुढच्या चौघांच्या हाती लावलेलाच अ‍ॅरे पडला.

मर्ज सॉर्टचा आकडा तेच सांगतो. १०,००० विस्कळीत आकड्यांवर त्याला सुमारे १ लाख २० हजार तुलना लागायला हव्यात. अ‍ॅरे आधीच लावलेला असेल तर प्रत्येक विलीनीकरणात डावा अर्धा जितका लांब तितक्याच तुलना होतात, कारण डावा संपला की उजवा तसाच उचलला जातो. विषम लांबीच्या तुकड्यात जादा घटक डावीकडे ठेवला, तर १०,००० साठी ही बेरीज नेमकी ६९,००८ येते. तो घटक उजवीकडे ठेवला असता तर ६४,६०८ आली असती.

क्विक सॉर्टचा आकडा सिलेक्शनशी तंतोतंत जुळतो हाही योगायोग नाही. लावलेल्या अ‍ॅरेत शेवटचा घटक सर्वात मोठा असतो. तो पिव्हट घेतला की एका बाजूला एन वजा १ घटक जातात आणि दुसऱ्या बाजूला शून्य. पुढच्या पायरीवर पुन्हा तेच. बेरीज होते एन गुणिले (एन वजा १), भागिले २, म्हणजे ४,९९,९५,०००. यादृच्छिक अ‍ॅरेवर हाच कोड साधारण १ लाख ५६ हजार तुलनांत काम संपवेल.

एक लाखाला क्रॅश होण्याचं मूळही तिथेच आहे. रिकर्शनची, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याची, खोली एक लाखापर्यंत जाते. दर कॉलला स्टॅकवर (चालू कॉल्ससाठी राखलेल्या मेमरीत) ८० बाइट धरले तरी ८० लाख बाइट झाले. विंडोजवर मुख्य थ्रेडचा स्टॅक साधारण एक-दोन एमबीचा असतो. लिनक्सवर तो सहसा ८ एमबी असल्याने तिथे हाच प्रोग्राम एखादे वेळी कसाबसा तग धरतो आणि दोष झाकला जातो.

राहिला सिलेक्शनचा ७०,४९,८२,७०४. खरा आकडा ४,९९,९९,५०,००० आहे, सुमारे ५०० कोटी. ३२ बिटच्या चिन्हांकित ‘इंट’मध्ये २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे मावत नाही. खऱ्या आकड्यातून २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ वजा करा. बरोबर तुमचा आकडा उरतो. सी++ मध्ये चिन्हांकित पूर्णांक असा ओसंडला तर काय व्हावं हे भाषेने ठरवूनच दिलेलं नाही, त्यामुळे ऑप्टिमायझेशन चालू केल्यावर आणखी वेगळंच काही छापलं जाऊ शकतं. मोजणीसाठी ६४ बिटचा ‘अनसाइन्ड लाँग लाँग’ घ्या.

दहापट घटकांना शंभरपट तुलना व्हायला हव्या होत्या आणि तुमच्याकडे जेमतेम चौदापट झाल्या. असं गुणोत्तर दिसलं की वेळेकडे बघायच्या आधी मोजणी तपासायची.

मेमरीमापक

वरचं निदान अचूक आहे. आता मोजण्याची चौकट. मूळ अ‍ॅरे एकदा बनवा, त्याला कोणीही हात लावू नये, आणि प्रत्येक धावेला ताजी प्रत द्या:

मूळ = यादृच्छिक_आकडे(संख्या, बीज = ४२)
अपेक्षित = मूळची प्रत, लायब्ररीच्या सॉर्टने लावलेली
प्रत्येक पद्धतीसाठी ७ वेळा:
  प्रत = मूळ
  सुरुवात = घड्याळ()
  पद्धत(प्रत)
  शेवट = घड्याळ()
  प्रत आणि अपेक्षित वेगळे असतील तर थांबा
  नोंदवा(शेवट − सुरुवात)

प्रत घेणं घड्याळ सुरू होण्याच्या आधी आणि तपासणी ते थांबल्यावर. ‘प्रत चढत्या क्रमात आहे का’ एवढंच तपासून भागत नाही. मर्जमध्ये एखादा निर्देशांक एकाने चुकला तर एक आकडा दोनदा येतो, दुसरा गायब होतो, आणि अ‍ॅरे तरीही चढत्या क्रमात दिसू शकतो. म्हणून लायब्ररीच्या उत्तराशी एकेक घटक ताडून बघायचा. या तपासणीचा दुसरा फायदा असा की लावलेला अ‍ॅरे पुढे खरोखर वापरला जातो, त्यामुळे ऑप्टिमायझेशन करताना कम्पायलरला ‘याचा उपयोगच नाही’ म्हणून काम गाळता येत नाही.

घड्याळ बदला. विंडोजवर ‘क्लॉक’ मिलिसेकंदाच्या एककात उत्तर देतं. १,००० घटकांवर सिलेक्शनला ४,९९,५०० तुलना लागतात, आणि आजच्या प्रोसेसरला हे मिलिसेकंदाच्या आसपासचं काम आहे. म्हणून ० आणि १ दिसतात. शिवाय ‘क्लॉक’चा अर्थ सगळीकडे सारखा नाही: लिनक्सवर ते प्रोग्रामने वापरलेला प्रोसेसर-वेळ देतं, विंडोजवर भिंतीवरच्या घड्याळासारखा उलटून गेलेला वेळ. ‘क्रोनो’ हेडरमधलं ‘स्टेडी क्लॉक’ वापरा, ते मागे सरकत नाही. लहान अ‍ॅरेसाठी तेही एकट्या धावेला पुरत नाही. १६ घटकांचा अ‍ॅरे मोजायचा असेल तर असे एक लाख छोटे अ‍ॅरे आधीच तयार ठेवा, ओळीने सगळे लावा आणि एकूण वेळेला लाखाने भागा. एकच छोटा अ‍ॅरे पुन्हा पुन्हा लावू नका, कारण दुसऱ्या फेरीपासून तो लावलेलाच असेल आणि तुम्ही पुन्हा याच धाग्यावर याल.

कम्पाइल करताना -ओ२ हा ऑप्टिमायझेशनचा पर्याय द्या. त्याशिवाय व्हेक्टरच्या प्रत्येक चौकटी कंसाला खरोखरीचा फंक्शन कॉल होतो आणि तुम्ही अल्गोरिदमऐवजी त्या कॉलचा खर्च मोजत बसता.

तुलनांची मोजणी आणि वेळेची मोजणी वेगवेगळ्या धावांत करा. आतल्या लूपमध्ये वाढवलेला काउंटर बबल-सिलेक्शनसारख्या छोट्या लूपला लक्षणीय जड होतो.

‘रँड’बद्दलही एक गोष्ट. विंडोजवर तो ० ते ३२,७६७ एवढेच आकडे देतो, म्हणजे एक लाख घटकांत प्रत्येक आकडा सरासरी तीनदा येतो. ‘रँडम’ हेडरमधला मर्सेन ट्विस्टर ठराविक बीज (ज्यावरून यादृच्छिक आकड्यांची मालिका सुरू होते तो आकडा) देऊन वापरा. बीज ठरलेलं असलं की उद्या कोडमध्ये बदल केल्यावर त्याच आकड्यांवर तुलना करता येते.

नवा_कम्पायलर

खूप आभार. प्रत, ६४ बिटचा काउंटर, ‘स्टेडी क्लॉक’, -ओ२ हे सगळं केलं. १०,००० वर आता इन्सर्शन २.५ कोटींच्या जवळ, मर्ज सुमारे १ लाख २० हजार, क्विक दीड लाखाच्या आसपास. एक लाखावर क्विक सॉर्ट क्रॅश न होता पळतो.

तीन गोष्टी अजून अडल्यात. बबल आणि सिलेक्शनच्या तुलना जवळपास सारख्या, तरी बबलला कितीतरी पट वेळ लागतो. मर्जच्या तुलना क्विकपेक्षा कमी, तरी तो मागे राहतो. आणि आकडे ० ते ९९ एवढेच घेतले की एक लाखावर क्विक सॉर्टच्या तुलना ५ कोटींच्या वर जातात, पिव्हट यादृच्छिक घेऊनसुद्धा.

कॅशलाइन

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुलनेनंतर काय होतं यात आहे.

सिलेक्शन सॉर्ट १०,००० घटकांवर जास्तीत जास्त ९,९९९ अदलाबदली करतो. बबल सरासरी २.५ कोटी करतो. दर अदलाबदलीत दोनदा मेमरीत लिहिलं जातं. हा एक भाग झाला.

दुसरा भाग ब्रँच प्रेडिक्शनचा, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रोसेसर ‘जर’चा निकाल लागायची वाट न पाहता अंदाजाने पुढे जातो. अंदाज चुकला की केलेलं काम टाकून देतो आणि साधारण १५ ते २० सायकल वाया जातात. सिलेक्शनमध्ये ‘नवा किमान सापडला का’ या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमी ‘नाही’ असतं: १०,००० घटकांवर ५ कोटी तुलनांपैकी ‘हो’ सरासरी फक्त ७८ हजार वेळा येतं. त्यामुळे अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो. इन्सर्शनच्या आतल्या लूपमध्ये दर घटकाला एकदाच बाहेर पडायचं असतं, म्हणजे चुका फार तर १०,००० च्या घरात. बबलमध्ये निम्म्या तुलनांचं उत्तर ‘हो’ आणि निम्म्यांचं ‘नाही’, तेही विखुरलेलं. अंदाज बांधायला आधारच मिळत नाही.

म्हणून यादृच्छिक आकड्यांवर या तिघांत बबल मागे राहतो. -ओ३ देऊन पाहिलंत तर जपून: जीसीसीच्या काही आवृत्त्या शेजारचे दोन ४-बाइट आकडे एका ८-बाइट वाचनात उचलतात. ते वाचन नुकत्याच झालेल्या ८-बाइट लेखनाशी अर्धवटच जुळतं, प्रोसेसरला थांबावं लागतं, आणि बबल -ओ२ पेक्षाही मंद होतो.

इन्सर्शन लिहिताना दर पायरीला अदलाबदल करू नका, घटक नुसते सरकवा:

किल्ली = अ[क]
ज = क
जोवर ज > ० आणि अ[ज−१] > किल्ली:
  अ[ज] = अ[ज−१]
  ज = ज − १
अ[ज] = किल्ली

अटींचा क्रम महत्त्वाचा. ‘ज > ०’ आधी नसेल तर अ‍ॅरेच्या बाहेरचा घटक वाचला जातो. आणि ‘>’ च्या जागी ‘>=’ लिहिलंत तर उत्तर बरोबरच दिसेल, पण सॉर्ट स्थिर राहणार नाही (समान घटकांचा आपसातला मूळ क्रम टिकणार नाही) आणि समान आकडे विनाकारण सरकतील.

मर्जबद्दल: तुमचं विलीनीकरणाचं फंक्शन दर वेळी डाव्या-उजव्या भागाचे दोन नवे व्हेक्टर बनवत असणार. एक लाख घटकांवर ९९,९९९ विलीनीकरणं होतात, म्हणजे जवळपास दोन लाख वेळा मेमरी मागायची आणि परत द्यायची. त्यातली निम्म्याहून अधिक एक-दोन घटकांच्या तुकड्यांसाठी. एन आकाराचा एकच तात्पुरता अ‍ॅरे सर्वात बाहेरच्या फंक्शनमध्ये घ्या आणि संदर्भाने आत पाठवत राहा. मग १६ किंवा त्याहून लहान तुकड्याला रिकर्शन न करता इन्सर्शन सॉर्ट लावा. विलीनीकरणाआधी ‘डाव्याचा शेवटचा ≤ उजव्याचा पहिला’ ही एक तुलना घातली तर लावलेल्या अ‍ॅरेवर विलीनीकरणाचं काम उरतच नाही. डावा आणि उजवा समान असतील तेव्हा डावा उचलायचा, त्यावरच मर्जची स्थिरता टिकते.

लघुगणक

० ते ९९ च्या आकड्यांबद्दल. एक लाख घटक आणि शंभर किमती, म्हणजे प्रत्येक किमतीचे साधारण हजार घटक. लोमुटोच्या ‘≤ पिव्हट’ चाळणीत (पिव्हटवरून दोन भाग पाडण्याच्या पायरीत) पिव्हटशी समान असलेले सगळे घटक एकाच बाजूला पडतात, त्यामुळे समान घटकांची प्रत्येक जोडी एकदा तरी तपासली जाते. हजारांच्या गटात सुमारे ५ लाख जोड्या, असे शंभर गट, झाले ५ कोटी. वेगवेगळ्या किमतींच्या तुलना वर आणखी. सगळे आकडे वेगळे असते तर एक लाखावर एकूण २० लाखांच्या आसपास तुलना पुरल्या असत्या. पिव्हट कितीही यादृच्छिक घ्या, समान घटकांचा हा खर्च त्याने टळत नाही.

उपाय दोन. एक, होअरची मूळ पद्धत: दोन टोकांकडून दोन निर्देशांक आत आणायचे आणि पिव्हटशी समान घटक दिसला तरी दोघांनीही थांबायचं. समान घटकांची अदलाबदल वायफळ वाटते, पण तिच्यामुळेच दोन भाग साधारण सारखे पडतात. इथे एक सापळा आहे. ही पद्धत लिहून पुढे ‘डावा ते ज’ आणि ‘ज+१ ते उजवा’ असं रिकर्शन करणार असाल, तर शेवटचा घटक पिव्हट घेऊ नका. १, २ अशा दोन घटकांवर ज शेवटच्या जागीच थांबतो आणि फंक्शन स्वतःला त्याच मर्यादांसह पुन्हा पुन्हा बोलावत राहतं. मधला घटक घ्या, मध्य काढताना खाली पूर्णांक करून.

दुसरा उपाय तीन भागांची चाळणी: लहान, समान, मोठे. डाइक्स्ट्रा यांचा डच राष्ट्रध्वजाचा प्रश्न तो हाच. समान घटक एका फेरीत जागेवर बसतात आणि रिकर्शनमध्ये जातच नाहीत. पुनरावृत्ती भरपूर असेल तर मी डोळे झाकून हाच निवडेन.

आणि स्टॅकचा प्रश्न सुटला असं समजू नका. सध्या तो फक्त दिसत नाही. चाळणी झाल्यावर लहान भागासाठी रिकर्शन करा आणि मोठ्या भागासाठी त्याच लूपमध्ये मर्यादा बदला. मग पिव्हट कितीही वाईट पडला तरी खोली लॉग एनच्या पुढे जात नाही, एक लाखाला १७ च्या आत. वेळ वाया जाईल, पण क्रॅश होणार नाही.

मेमरीमापक

सात धावांचं काय करायचं हेही ठरवा. मी मध्यक घेतो. सरासरी नको, कारण मध्येच अँटिव्हायरस जागा झाला तर एक धाव फुगते आणि सरासरी ओढून नेते.

कॅशलाइन

मी किमान वेळ घेईन. प्रोग्राम तोच, आकडे तेच, तर बाहेरचा व्यत्यय वेळ वाढवूच शकतो, कमी करू शकत नाही. जो पिव्हट यादृच्छिक घेतो त्या क्विक सॉर्टला मात्र मध्यकच योग्य, कारण तिथे चढउतार अल्गोरिदमच्या आतलाच असतो. दोन्ही छापा. त्यांत मोठी तफावत दिसली तर लॅपटॉप बॅटरीवर आहे का आणि पॉवर प्लॅन कोणता आहे ते आधी पाहा. आणि पद्धती आलटूनपालटून चालवा, म्हणजे प्रोसेसर तापून मंदावला तर त्याचा भुर्दंड एकट्या शेवटच्या पद्धतीवर पडणार नाही.

नवा_कम्पायलर

लायब्ररीचा सॉर्ट माझ्या सुधारलेल्या क्विक सॉर्टच्याही पुढे आहे. त्यात वेगळं काय असतं? आणि इन्सर्शन व मर्ज यांची सीमा नेमक्या कुठल्या आकाराला येते हे कसं शोधू?

लघुगणक

जीसीसीच्या लायब्ररीत इंट्रोसॉर्ट आहे, १९९७ मध्ये डेव्हिड मसर यांनी मांडलेला. सुरुवात क्विक सॉर्टने, पिव्हट तीन घटकांचा मध्यक. रिकर्शनची खोली २ लॉग एनच्या पुढे गेली की त्या तुकड्यावर हीप सॉर्ट. १६ पर्यंतचे तुकडे तसेच सोडून शेवटी सगळ्या अ‍ॅरेवर एक इन्सर्शन सॉर्ट. सी++११ पासून मानकातच सर्वात वाईट स्थितीला एन लॉग एनची अट आहे, त्यामुळे निव्वळ क्विक सॉर्ट तिथे चालत नाही. हा सॉर्ट स्थिर नाही; स्थिरता हवी तर ‘स्टेबल सॉर्ट’ वापरा आणि तुमच्या मर्जची तुलनाही त्याच्याशीच करा. पायथनमध्ये हाच प्रयोग कराल तर एक लक्षात घ्या: तिथला अंगभूत सॉर्ट सी मध्ये लिहिलेला टिमसॉर्ट आहे, २००२ मध्ये टिम पीटर्स यांनी रचलेला. तुमचं पायथनमधलं फंक्शन त्याच्यापुढे मागे पडलं, तर त्यात अल्गोरिदमपेक्षा इंटरप्रिटरचा वाटा मोठा असेल.

सीमेसाठी ४, ८, १२, १६, २४, ३२, ४८, ६४ अशा आकारांवर मोजा, वर सांगितलेल्या लाख छोट्या अ‍ॅरेंच्या पद्धतीने. सीमा यंत्रागणिक आणि घटकाच्या प्रकारागणिक बदलते. ‘इंट’ऐवजी लांबलचक स्ट्रिंग लावायच्या असतील तर तुलना महाग होते आणि सीमा खाली सरकते.

मोठ्या आकारांसाठी दुपटीची चाचणी घ्या: १०,०००, २०,०००, ४०,०००, ८०,०००. बबल, सिलेक्शन, इन्सर्शनची वेळ दर टप्प्याला चौपट व्हायला हवी. मर्ज आणि क्विकची दुपटीहून जराशी जास्त, १०,००० वरून २०,००० ला सुमारे २.१५ पट. क्विक तीनपटीच्या पुढे जायला लागला तर चाळणी पुन्हा तपासा. प्रत्येक आकाराला निदान पाच तऱ्हेचे अ‍ॅरे द्या: यादृच्छिक, चढता, उतरता, सगळे समान, आणि चढता पण एक टक्का घटक विस्कटलेले. आलेख काढताना दोन्ही अक्ष लॉग स्केलवर घ्या, नाहीतर बबलच्या रेषेखाली मर्ज आणि क्विक दोघेही तळाला चिकटून बसतील. लॉग स्केलवर एन वर्गवाल्यांचा चढ २ येतो आणि एन लॉग एनवाल्यांचा १ च्या किंचित वर. चढत्या अ‍ॅरेवर इन्सर्शनचा चढ १ आला नाही, तर आतल्या लूपची अट पुन्हा वाचा.